आठ शनिवार आणि एक दोनशे पानी वही

घरगुती व्यवसाय करणाऱ्यांसाठी इंदुरात शिकवण्यांची आणि शिबिरांची वाण नाही. हिशेब, जीएसटी, मोबाइलवरची जाहिरात, पाकिटांची छपाई असे सगळे शिकवणारे इथे भेटतात आणि त्यांपैकी निम्म्यांच्या पत्रकावर ‘आत्मविश्वास वाढवा’ ही ओळ हमखास असते. मी गेली चौदा वर्षे सुदामा नगरातल्या घरातून जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला), मेतकूट आणि भाजणी करून विकते आणि या ओळीकडे मी नेहमीच काणाडोळा करत आले आहे. रामबागेत भरणाऱ्या ज्या वर्गाविषयी हे लिहीत आहे, त्याला मी गेले याचे कारण एवढेच की त्याच्या पत्रकावर ती ओळ नव्हती. येताना दोनशे पानांची कोरी वही आणि आपल्या व्यवसायातील सर्वांत वाईट वर्षाचा हिशेब बरोबर आणावा, एवढेच त्यावर छापले होते.

वर्ग आठ शनिवारांचा, दुपारी चार ते साडेसहा असा होता आणि शुल्क ४,५०० रुपये होते. आम्ही चौदा जण होतो, त्यांतले नऊ मराठी, त्यामुळे शिकवणे नावाला हिंदीत सुरू होई आणि चहापर्यंत मराठीत येऊन पोहोचे. चालवणारे दोघे होते. एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, ज्यांना सगळे ‘साहेब’ म्हणत, आणि दुसऱ्या, महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई. वर्गाचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि दोन वयस्कर माणसांनी स्वतःच्या हिमतीवर चालवलेल्या कामाला नावानिशी टोचण्याची माझी इच्छा नाही. ज्यांना जायचेच आहे त्यांना रामबागेत दोन घरी विचारले तरी पत्ता लागेल.

पहिल्या शनिवारी ओळखपाळख, स्वागत, दीपप्रज्वलन असे काहीही झाले नाही. साहेबांनी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: ‘ज्या दिवशी तुमचे पैसे बुडाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत तुम्ही काय काय केले?’ पैसे का बुडाले, कोणाची चूक होती, मनाला काय वाटले, यांपैकी काहीही लिहायचे नव्हते. फक्त केलेली कामे क्रमाने लिहायची होती आणि त्यासाठी पाऊण तास दिला होता.

माझे वाईट वर्ष शोधायला मला वेळ लागला नाही. ऑगस्टमधली गोष्ट आहे. एका उपाहारगृहाने चाळीस किलो जिरावण एकदम मागवले होते आणि एवढी मोठी मागणी मला त्याआधी कधी आली नव्हती. जिरावण ज्यांनी केले आहे त्यांना ठाऊक असेल की जिरे, धने, बडीशेप, लवंग, दालचिनी हे सगळे भाजून दळले की पावसाळ्यातही बिघडत नाही. बिघडते ते आमचूर आणि काळ्या मिठामुळे. दोन्ही हवेतले पाणी ओढून घेतात. मी घाईत सियागंजातून नेहमीच्या दुकानाऐवजी दुसरीकडून आमचूर उचलले, उन्हाची वाट न पाहता तसेच मिसळले आणि पिंपात भरून ठेवले. तिसऱ्या दिवशी झाकण काढले तेव्हा वरचा थर भिजवलेल्या मातीसारखा घट्ट झाला होता आणि हात घातला तर ढेकळे निघत होती. अठरा किलो माल टाकून द्यावा लागला. उपाहारगृहाने उरलेलाही उशिरा आला म्हणून परत पाठवला.

या प्रसंगाबद्दल माझ्या मनात गेली अनेक वर्षे एकच चित्र होते: परसात मी पिंप उपडे करते आहे आणि सासूबाई दारात उभ्या राहून काही न बोलता पाहत आहेत. मोठी मागणी आली की हेच चित्र डोळ्यांपुढे येई आणि मी दहा किलोंच्या वर कोणाला हो म्हणत नसे. वहीत मात्र दुसऱ्या दिवसाची कामे लिहू लागले तेव्हा अकरा ओळी भरल्या. सकाळी नेहमीच्या दुकानदाराकडे जाऊन उधारीवर बारा किलो आमचूर आणले. चक्कीवाल्याला गाठून दुपारची पाळी मागून घेतली. परत आलेल्या मालाची दोन-दोनशे ग्रॅमची पाकिटे करून शेजारच्या तीन किराणा दुकानांत ठेवली. त्यांतला एक दुकानदार आजही माझे गिऱ्हाईक आहे. संध्याकाळी बसून पुढच्या वर्षीचे आमचूर मे महिन्यातच घ्यायचे, गच्चीवर चार उन्हे दाखवायची आणि मीठ भरण्याच्या दिवशीच मिसळायचे, असे कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले. तेव्हापासून माझा एकही डबा ओलाव्याने गेलेला नाही.

साहेबांनी ती अकरा ओळींची यादी वाचली आणि म्हणाले, “मोठी मागणी पुरी करता येत नाही, हे तुम्हांला कोणत्या ओळीवरून कळले?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. चार हजार पाचशे रुपयांतले निम्मे तरी त्या एका प्रश्नात वसूल झाले, असे मी आजही म्हणेन.

या वर्गाचे म्हणणे, जे कोणी एका वाक्यात सांगितले नाही पण आठही शनिवार जाणवत राहिले, ते असे की आत्मविश्वास नावाची एकच एक वस्तू माणसाजवळ नसते. स्वयंपाकघरात असणारा विश्वास बँकेच्या काउंटरवर उपयोगी पडत नाही, आणि बाजारात भाव करणाऱ्याला कामगाराला रागावण्याची छाती असतेच असे नाही. प्रत्येक कामापुरता विश्वास त्या त्या कामातल्या अनुभवातून येतो, आणि अनुभव नुसता येऊन गेल्याने पुरत नाही, तो कोणत्या कामाचा होता हे ओळखावे लागते. धंद्यात पडलेल्या बहुतेकांचे इथेच चुकते, हे आमच्या चौदा जणांच्या वह्यांवरून तरी मला स्पष्ट दिसले.

दुसऱ्या शनिवारचा एक प्रसंग सांगितल्याशिवाय हे नीट कळणार नाही. आमच्यात परदेशीपुऱ्यातले एक दादा होते, वय अठ्ठेचाळीसच्या आसपास. कापडी पिशव्या आणि शाळेची दप्तरे शिवण्याचा त्यांचा लहानसा कारखाना आहे, सहा मशिनी आहेत. वडील हुकुमचंद मिलमध्ये होते. ती गिरणी १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली तेव्हा हे चौदा वर्षांचे होते. त्या गिरणीची पुढची हकिकत इंदुरात सर्वांना ठाऊक आहे: कामगारांच्या देण्यांचा लढा न्यायालयात तीन दशकांहून अधिक काळ चालला आणि २०२३ च्या डिसेंबरात सुमारे २२४ कोटी रुपये मिळण्याचा मार्ग मोकळा झाला, तोवर कित्येक कामगार हयात नव्हते. त्या घरात वाढलेल्या मुलाने उधारीचे नाव न काढणे स्वाभाविकच आहे. दादा कोणाला उधार देत नाहीत, कोणाकडून घेत नाहीत, आणि शाळा सुरू होण्याच्या हंगामात मोठ्या शाळांची मागणी आली की परत पाठवतात, कारण शाळा पैसे दोन महिन्यांनी देतात. स्वतःच्या या सावधपणाचा त्यांना अभिमान होता. दुधाने तोंड पोळले आहे, आता ताकही फुंकूनच पिणार, असे ते हसत म्हणाले.

साहेबांनी त्यांच्या सावधपणाला हात लावला नाही. दादांची दुसरी तक्रार होती की कामगार टिकत नाहीत, माणसे सांभाळणे आपल्याला जमत नाही, म्हणून सहाच्या पुढे मशिनी घेत नाही. साहेबांनी त्यांना विचारले की वयाच्या विशीत ते काय करत होते. दादा म्हणाले, काही नाही, मिळेल ते काम, आणि अनंत चतुर्दशीच्या झांकीचे काम. बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरातल्या कापड गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाई केलेले चित्ररथ, शहरातून निघतात आणि मिरवणूक रात्रभर चालते. गिरण्या बंद पडल्या तरी कामगारांनी झांक्या बंद पडू दिल्या नाहीत. वर्गणी आणि मदत गोळा करून, दिवसा दुसरीकडे राबून, रात्री त्याच आवारात ते चित्ररथ उभे करत राहिले.

साहेबांनी विचारले, झांकीला माणसे किती असत. दादा म्हणाले, चाळीसेक. त्यांना पैसे किती देत होता? पैसे कसले, ते तर गणपतीचे काम. मग सुतार, वायरमन, रंगारी, मूर्ती करणारे, हे सगळे महिनाभर रात्री कोणाच्या सांगण्यावरून येत? दादा जरा थांबून म्हणाले, चारपाच वर्षे ते मीच पाहत होतो.

“चाळीस माणसे महिनाभर बिनपगारी रात्रपाळीला येत होती,” साहेब म्हणाले, “आणि तुम्हांला माणसे सांभाळता येत नाहीत?”

खोलीत कोणी हसले नाही. दादांनी वही ओढली आणि त्या चारपाच वर्षांत कोण का यायचा, कोण का रुसायचा, त्याची समजूत कशी काढली, हे लिहायला घेतले, आणि चहा आला तरी ते लिहीतच होते. गिरणी बंद पडणे हा त्यांच्यावर आलेला प्रसंग होता आणि झांकी हे त्यांनी केलेले काम होते. पहिल्यावरून त्यांनी सगळे आयुष्य मोजले आणि दुसरे हिशेबातच धरले नाही. शेवटच्या शनिवारपर्यंत त्यांनी सातवी मशीन घेतलेली नव्हती, हेही प्रामाणिकपणे नोंदवते. पण मशिनीवरच्या एका जुन्या कारागिराला त्यांनी हंगामापुरते सगळ्यांवर देखरेखीचे काम दिले होते.

तिसरा शनिवार बाईंचा होता आणि अभ्यासाच्या दृष्टीने तो सर्वांत भरीव होता. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलेली कल्पना त्यांनी समजावून सांगितली. ‘हे काम मला जमेल’ हा विश्वास चार ठिकाणांहून येतो: स्वतः पार पाडलेल्या कामातून, आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहण्यातून, कोणी विश्वासाने ‘तुला जमेल’ असे सांगण्यातून, आणि त्या क्षणी आपल्या शरीराची जी अवस्था असते तिच्यातून, म्हणजे छाती धडधडते आहे की शांत आहे यावरून. या चारांत पहिला झरा सर्वांत मोठा आहे. बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सापाची पराकोटीची भीती असलेल्या माणसांवर प्रयोग केले होते. दुसऱ्याला साप हाताळताना नुसते पाहणाऱ्यांपेक्षा, पाहून मग पायरीपायरीने स्वतः हात लावणाऱ्यांची भीती अधिक ओसरली आणि आपल्याला जमेल हा विश्वासही त्यांच्यातच अधिक दिसला. बाईंनी हे इतक्या साधेपणाने सांगितले की आमच्यातल्या लोणची करणाऱ्या काकूंनी लगेच विचारले, “म्हणजे सुनेला नुसते बाजूला उभे करून फोडणी दाखवली तर ती शिकणार नाही, असेच ना?”

चौथ्या झऱ्यावर मात्र बाईंनी दहा मिनिटेच घालवली, आणि माझ्यासारख्या अर्ध्या लोकांचे घोडे तिथेच अडते. बोलण्याची तयारी असते, आकडे पाठ असतात, पण साहेबी टेबलासमोर बसले की तळहात ओले होतात आणि आपण मनाशी ठरवून टाकतो की आपल्याला हे जमत नाही. त्यावर एखादा शनिवार अख्खा द्यायला हवा होता.

ती उणीव काही अंशी चौथ्या आणि पाचव्या शनिवारच्या गृहपाठाने भरून निघाली. प्रत्येकाने आपापला ‘साप’ सांगायचा आणि आठवड्यात तीन वेळा, दर वेळी एक पायरी पुढे, त्याच्याजवळ जाऊन यायचे. माझा साप बँक होता. पहिल्या दिवशी मुद्रा कर्जाची माहिती आणि अर्ज मागायचा, दुसऱ्या दिवशी अटी विचारायच्या, तिसऱ्या दिवशी आपला हिशेब दाखवून किती मिळू शकेल हे बोलायचे. कर्ज प्रत्यक्ष घ्यायचे नव्हते. पहिल्या दिवशी काउंटरवरच्या मुलाने वर न पाहताच जेवणाच्या सुट्टीनंतर यायला सांगितले. मी बाहेर येऊन उसाचा रस प्यायले, सुट्टी संपल्यावर परत गेले आणि अर्ज घेऊन आले. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाने विचारले, तारण काय देणार? एरवी मी गप्प बसून उठले असते. पण आदल्या रात्री वाचून गेले होते, म्हणून म्हटले की २०१५ पासून ही योजना आहे, शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत मिळतात आणि मुद्रा कर्जाला तारण लागत नाही. आवाज बारीकच निघाला, पण वाक्य पुरे झाले. त्याने पहिल्यांदा वर पाहिले आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवले. तिसऱ्या दिवशी आतल्या बाईंपुढे मी तीन वर्षांच्या वह्या मांडल्या. त्यांनी वीस मिनिटे प्रश्न विचारले आणि त्यांतल्या चारांची उत्तरे मला आली नाहीत. ते चार प्रश्न वहीत आहेत. तळहात त्याही दिवशी ओले होते. फक्त त्यांच्याकडे लक्ष द्यायला वेळ नव्हता.

बाहेरून लहान दिसणारी गोष्ट आतून किती मोठी असू शकते, याचे माझ्यापुरते दुसरे उदाहरण खाद्यपदार्थांच्या नोंदणीचे आहे. वर्गात ते निघाले म्हणून लिहिते. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, मूळ नोंदणीला तेव्हा वर्षाला शंभर रुपये लागत, पण कचेरीच्या भीतीने मी पहिली काही वर्षे ती टाळली होती आणि ओळखीपाळखीतच माल देत होते. अखेर भाच्याला बरोबर घेऊन ती केली आणि चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापून आला, त्याच आठवड्यात मी शंभर ग्रॅमच्या पाकिटाची किंमत पन्नासवरून साठ रुपये केली. मसाला तोच होता, चक्की तीच होती. त्या चौदा आकड्यांनी गिऱ्हाइकाला काय वाटले हे सांगता येणार नाही, पण मला साठ रुपये म्हणताना खाली पाहावे लागले नाही.

अनुभव खोटेही शिकवतो, ही बाजू या वर्गात झाकली गेली नाही, याचे श्रेय साहेबांना द्यायला हवे. आमच्यातल्या एका तिशीच्या गृहस्थांनी २०२० च्या टाळेबंदीत घरपोच किराणा देण्याचे काम सुरू केले होते. सहा महिन्यांत गिऱ्हाइके शेकड्यांनी वाढली, तेव्हा त्यांनी गोदाम भाड्याने घेतले, दोन टेम्पो घेतले. दुकाने पूर्ववत उघडली तशी गिऱ्हाइके गळत गेली आणि दोन वर्षांत गोदामाचे भाडेही निघेना. ते स्वतःविषयी बोलताना कधी ‘मला धंद्याची नस सापडली आहे’ म्हणत, तर कधी ‘मी धंद्याला नालायक आहे’. साहेबांनी त्यांना दोन रकाने आखायला लावले, एकात परिस्थितीने दिलेले, दुसऱ्यात स्वतः केलेले. गिऱ्हाइके पहिल्या रकान्यात गेली. पण एका दिवसात साठ घरी न चुकता माल पोहोचवण्याची मांडणी दुसऱ्यात आली, आणि ती गिऱ्हाइके गेल्यावरही त्यांच्याजवळच राहिली होती. आता ते दुसऱ्या व्यापाऱ्यांचा माल पोहोचवण्याचे काम घेतात.

आता तक्रारी. सहावा शनिवार हिशेबाचा होता आणि बरा झाला, पण सातव्या शनिवारी वर्ग चालवणाऱ्यांना कोणती बुद्धी सुचली कळत नाही. त्यांनी एका प्रेरक वक्त्याला बोलावले. चौदा माणसांच्या खोलीत ध्वनिक्षेपक लावून त्यांनी आम्हांला उभे केले, मुठी आवळून ‘मी करू शकतो’ असे ओरडायला लावले, आणि लोणचीवाल्या काकूंच्या गुडघ्याचा विचार न करता खुर्चीवर चढायलाही सांगितले. काकूंनी बसूनच मूठ आवळली. सहा शनिवार जे उभे केले त्याच्या बरोबर उलट हे होते, कारण बांडुरांच्या चार झऱ्यांपैकी कोणी ‘तुला जमेल’ म्हणणे हा अशक्त झरा आहे, आणि म्हणणाऱ्याला आपले काम ठाऊकच नसेल तर तो कोरडाच.

याच वक्त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची गोष्ट सांगितली. नांगर १९०३ मध्ये तयार झाला, लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी दोन वर्षे विकला गेला नाही, तरी ते डगमगले नाहीत, म्हणून तुम्हीही डगमगू नका. ही गोष्ट अशी अर्धी सांगणे मला नेहमीच खटकते. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणे, १८८८ मध्ये बेळगावात काढलेले सायकलींचे दुकान, कडबा कापण्याची यंत्रे, अशी यंत्रांशी झटापट करण्याची पंधराएक वर्षे त्या नांगराच्या मागे होती. नांगर चांगला आहे हे त्यांना हाताने ठाऊक होते, आणि म्हणून गिऱ्हाईक नसतानाही थांबता आले. आपल्या मालाविषयी एवढे ज्ञान नसणाऱ्याने दोन वर्षे न डगमगता थांबणे म्हणजे घर विकायला काढणे आहे, हे त्या दिवशी कोणीतरी सांगायला हवे होते. मी सांगितले नाही, कारण ध्वनिक्षेपक त्यांच्या हातात होता.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. सगळा वर्ग वहीवर, म्हणजे मागच्या आयुष्यावर उभा आहे, त्यामुळे ज्यांचे मागचे आयुष्य थोडे आहे त्यांना इथे फार काही मिळत नाही. आमच्यात चोवीस वर्षांची एक मुलगी होती. ती महेश्वरहून साड्या आणून मोबाइलवरून विकते, दोन्ही बाजूंनी नेसता येणारा बुगडीचा काठ छायाचित्रात कसा दाखवायचा हे तिला आमच्यापेक्षा शंभरपट कळते. पण ‘तुमचे सर्वांत वाईट वर्ष’ म्हटल्यावर तिने बारावीचे वर्ष लिहिले आणि सगळे कौतुकाने हसले. त्या हसण्याने ती पुढचे दोन शनिवार जवळजवळ बोलली नाही. अशांसाठी दुसरा झरा आहे, आपल्यासारख्यांना करताना पाहण्याचा. तिच्याच वयाच्या, दोन पावले पुढे गेलेल्या चारजणींशी तिची गाठ घालून दिली असती तर तिचे पैसे सत्कारणी लागले असते. तिला मिळाल्या आम्ही, गुडघे आणि वाईट वर्षे मोजणाऱ्या काकू-मावश्या.

पाहुणे म्हणून पाचव्या आणि आठव्या शनिवारी जे दोन व्यावसायिक आले, ते दोघेही यशस्वी होते आणि दोघांच्याही बोलण्यात ‘त्या वाईट दिवसांनीच मला घडवले’ हे वाक्य होते. वाईट दिवसांनी ज्यांना मोडले अशांपैकी कोणाला बोलावले नव्हते. धंदा बंद करून नोकरीला लागलेला एखादा माणूस अर्धा तास बोलला असता, तर त्याच्या वाईट वर्षाने त्याला काय शिकवले आणि काय शिकवले नाही, हे आम्हांला कळले असते. शेवटच्या दिवशीच्या अभिप्राय-पत्रात मी हे लिहिले आहे. साहेबांनी ते वाचून मान हलवली. पुढच्या तुकडीत ते अमलात आणतील का, ते पाहायचे.

किरकोळ गोष्टींत, दिलेल्या छायाप्रती पुसट होत्या आणि त्यांतली हिंदी अनुवाद करून बसवल्यासारखी होती. शुल्काची पावती मागितल्याशिवाय मिळाली नाही. चार म्हणजे सव्वाचार, हे इंदुरात धरूनच चालावे लागते. चहा चांगला होता, आणि तिसऱ्या शनिवारपासून त्याबरोबरचे पोहे आमच्यातल्याच एकजणी घरून आणू लागल्या, त्यावर जिरावण माझे असे. त्यातून मला चार नवी गिऱ्हाइके मिळाली, पण ती वर्गाच्या खात्यावर मांडणे बरोबर होणार नाही.

ज्यांचा व्यवसाय निदान पाच वर्षांचा आहे, घर चालण्याइतके मिळते आहे पण एका ठिकाणी येऊन पाऊल अडले आहे आणि ते नेमके कुठे अडले हे कळत नाही, त्यांनी या वर्गाला जावे. शुल्क वाजवी आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी हे पैसे मालात घालावेत आणि दोन वर्षांनी यावे. नोंदणी करताना सातव्या शनिवारी काय आहे ते आधी विचारून घ्यावे आणि वक्ते असतील तर त्या दिवशी दुकान उघडे ठेवावे. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार आहे असे साहेब म्हणाले. वही शिवणीची घ्यावी, कारण तारेची तिसऱ्या शनिवारीच सुटते. इमारतीखाली दुचाकी लावायला जागा नाही, तेव्हा रिक्षाने जाणे सोयीचे पडते.